संमतीची स्क्रीन आखण्याआधी

ॲपमध्ये लोकांची माहिती घेण्याआधी त्यांची संमती मागणारी स्क्रीन आखायची असेल, तर फिग्मा (स्क्रीन आखायचं सॉफ्टवेअर) उघडायच्या आधी कागद-पेन घ्या. इंदूरमधली पतसंस्था असो की दवाखाना, तिथे लोकांची कोणती माहिती येते, कशासाठी लागते आणि कधी काढून टाकतात, हे काउंटरवर बसणाऱ्यांना विचारून लिहून काढा. साहेबांच्या केबिनमधली यादी बहुधा अपुरी असते. आधारचे फोटो व्हॉट्सॲपवर येतात, हे काउंटरवरच कळतं.

2023 चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आणि 2025 चे नियम स्वतः वाचा, निदान सूचना (म्हणजे संमती मागताना दाखवायचा मजकूर) आणि संमतीचा भाग तरी. कोणती माहिती, कोणत्या कामासाठी, हे साध्या भाषेत आणि स्वतंत्रपणे समजलं पाहिजे. आधीच टिक केलेला चौकोन चालणार नाही.

सगळ्यात आधी संमती मागे घेण्याची स्क्रीन काढा. संमती देणं जितकं सोपं, तितकंच ती मागे घेणंही सोपं हवं, असं कायदाच म्हणतो. होकार एका टॅपवर आणि नकार सेटिंग्जच्या तळाशी, ही लोकांची अडवणूक आहे. बटण दाबल्यावर काय थांबेल आणि दुसऱ्या कायद्यामुळे कोणती नोंद ठेवावीच लागेल, तेही तिथेच लिहा.

सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या 22 पैकी कोणत्याही भाषेत वाचता आली पाहिजे. आपल्याकडे हिंदी आणि मराठी पहिल्या दिवसापासून धरा, शेवटी भाषांतर चिकटवू नका. इंग्रजी शब्दाच्या मापाच्या बटणात ‘संमती मागे घ्या’ मावत नाही, ओळी जवळ आल्या की वेलांट्या आणि रफार कापले जातात. कोडमध्ये पानाची भाषा मराठी नोंदवा. फॉन्टमध्ये सोय असेल तर ल आणि श मराठी वळणाचे दिसतात. मग रामबागेतल्या एखाद्या आजींच्या फोनवर, अक्षर मोठं करून, सगळं वाचून घ्या.

अठरा वर्षांखालच्यांसाठी पालकांची संमती कशी पडताळायची, ते वकिलांकडून आधीच ठरवून घ्या. तक्रारीपुढे ती सोडवण्याची जास्तीत जास्त नव्वद दिवसांची मुदत दिसू द्या.

माहिती फुटली तर संबंधित लोकांना आणि डेटा संरक्षण मंडळाला विनाविलंब कळवायचं असतं, मंडळाला सविस्तर अहवाल 72 तासांत. म्हणून त्या अहवालाच्या फॉर्ममध्ये माहिती फुटल्याचं कळल्याची वेळ सर्वात वर ठेवा आणि फॉर्म अर्धवट असला तरी सेव्ह होऊ द्या. त्या रात्री सगळे तपशील कुणाकडेच नसतात.

आणि डेमोसाठी खऱ्या सभासदांची एक्सेल शीट मागू नका. नावं, नंबर सगळं बनवून घाला.