पावसाळ्यात फायबरग्लासचे भाग हाताने घडवताना
बेळगावच्या उद्यमबागेतील लहान कारखान्यात पॉलिएस्टर रेझिनचे (घट्ट होऊन कडक बनणाऱ्या द्रवाचे) काम करताना पावसाळ्यात दमट हवेकडे आधी लक्ष द्यावे, कारण ओलसर काचमॅटला (काचेच्या तंतूंच्या चटईला) रेझिन नीट धरत नाही. साच्याला मेण घासून चमकवावे, त्यावर सुमारे अर्धा मिलिमीटर जेलकोट (भागाचा बाहेरचा गुळगुळीत थर बनणारे रेझिन) द्यावा आणि तो बोटाला चिकट लागतो पण बोटावर उतरत नाही, अशा अवस्थेत मॅट अंथरावी. मॅटच्या वजनाच्या दुप्पट ते अडीचपट रेझिन पुरते. त्याहून अधिक ओतणे म्हणजे ताकद नव्हे, ठिसूळपणा विकत घेणे. बुडबुडे रोलरने काढावेत. कोबाल्ट (रेझिन घट्ट होण्याचा वेग वाढवणारे द्रावण) रेझिनमध्ये पूर्ण ढवळल्यानंतरच १ ते २ टक्के हार्डनर (रेझिन घट्ट करणारे पेरॉक्साइड) घालावा, कारण हे दोन्ही थेट एकत्र आल्यास स्फोट होऊ शकतो.