छोट्या सिंगल बोर्ड संगणकावर रिअल-टाइम कर्नल कसा चालवावा

एखाद्या मोटरला दर मिलिसेकंदाला नवी आज्ञा लागत असेल, तर 999 वेळा ती वेळेवर मिळून हजाराव्या वेळी वीस मिलिसेकंद उशिरा मिळणे परवडत नाही. रिअल-टाइम म्हणजे वेगवान, हा समज सर्रास आढळतो, पण तो खरा नाही; रिअल-टाइम कर्नलवर (कर्नल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) कामाचा एकूण उरक थोडा कमीच होतो. त्या बदल्यात होणाऱ्या उशिराला वरची मर्यादा मिळते, आणि पुढची सगळी खटपट त्या मर्यादेसाठीच आहे.

काम फक्त एक सेन्सर वाचून एक पिन हलवण्याचे असेल, तर मायक्रोकंट्रोलरवर, म्हणजे एकाच कामाच्या छोट्या चिपवर, फ्री-आरटीओएस किंवा झेफिर या छोट्या रिअल-टाइम प्रणाली वापरणे अधिक सरळ आहे. मात्र त्याच बोर्डावर नेटवर्क, कॅमेरा आणि फाइलींची नोंदही हवी असेल, तर लिनक्सचा प्रीएम्प्ट-आरटी, म्हणजे लिनक्स कर्नलला रिअल-टाइम बनवणारा पर्याय घ्यावा. बरीच वर्षे तो वेगळ्या पॅचच्या रूपात मिळत असे. 2024 मध्ये आलेल्या 6.12 आवृत्तीपासून तो 64 बिट आर्म, एक्स-86 आणि रिस्क-व्ही या प्रोसेसर प्रकारांसाठी मूळ कर्नलमध्येच आला आहे. त्यात बहुतेक इंटरप्ट (हार्डवेअरकडून येणाऱ्या तातडीच्या हाका) स्वतंत्र थ्रेडमध्ये, म्हणजे कामाच्या वेगळ्या धाग्यांत, चालतात आणि बहुतेक स्पिनलॉकच्या (वाट पाहताना कोअर अडवून ठेवणाऱ्या कुलपांच्या) जागी प्राधान्य पुढे सोपवणारे लॉक येतात, त्यामुळे कर्नलच्या आत चाललेले कामही मध्येच थांबवून तातडीचे काम पुढे आणता येते.

उदाहरण म्हणून रास्पबेरी पाय 4 घेऊ. त्यावर 64 बिट प्रणाली असावी. पायसाठीच्या कर्नलचा 6.12 किंवा त्यापुढच्या शाखेचा सोर्स उतरवून घ्यावा आणि शक्यतो तो मोठ्या संगणकावर क्रॉस-कंपाइल करावा, म्हणजे तिथेच बोर्डासाठी तयार करावा, कारण बोर्डावर त्याला फार वेळ लागतो. बोर्डासाठी ठरलेल्या कर्नल सेटिंग लावल्यावर मेनूकॉन्फिग हा सेटिंगचा मेनू उघडून ‘जनरल सेटअप’मध्ये ‘फुली प्रीएम्प्टिबल कर्नल’ हा पर्याय निवडावा. तो दिसत नसेल, तर आधी एक्स्पर्ट पर्याय चालू करावा. आवृत्तीच्या नावाला स्वतःची खूण जोडावी, म्हणजे नव्या कर्नलची मॉड्यूल (गरजेनुसार जोडले जाणारे भाग) जुन्यांत मिसळणार नाहीत.

तयार झालेली इमेज, म्हणजे कर्नलची फाइल, जुन्या इमेजवर कधीही लिहू नये. तिला वेगळे नाव देऊन ती बूट विभागात ठेवावी आणि कॉन्फिग फाइलमध्ये ‘कर्नल’ या ओळीत ते नाव लिहावे. बोर्ड सुरू झाला नाही, तर बोर्डाचे मेमरी कार्ड दुसऱ्या संगणकात घालून तेवढी ओळ काढली की जुना कर्नल पुन्हा चालू होतो.

सुरू झाल्यावर ‘युनेम -a’ कमांडच्या उत्तरात प्रीएम्प्ट-आरटी हे शब्द दिसायला हवेत. पण शब्द दिसले म्हणजे काम झाले असे नाही. मोजमाप करायलाच हवे. त्यासाठी आरटी-टेस्ट्स संचातले सायक्लिकटेस्ट वापरावे. ते ठरलेल्या क्षणी जागे होण्याची विनंती करते आणि प्रत्यक्षात किती मायक्रोसेकंद उशिरा जाग आली ते मोजते. मेमरी लॉक करून (ती डिस्कवर हलू न देता), प्राधान्य 95 देऊन, प्रत्येक कोअरवर एक थ्रेड असे ते चालवावे, आणि त्याच वेळी स्ट्रेस-एनजी या प्रोग्रॅमने प्रोसेसर, कार्ड व नेटवर्क यांवर भार टाकावा. पडद्यावर प्रत्येक थ्रेडच्या ओळीत किमान, ताजा, सरासरी आणि कमाल असे आकडे येतात. नजर फक्त कमाल या शेवटच्या आकड्यावर ठेवावी: सरासरी 12 आणि कमाल 900 असेल, तर तुमची प्रणाली 900 ची आहे. चाचणी पाच मिनिटांत उरकू नये, रात्रभर चालू द्यावी, कारण सर्वांत वाईट क्षण क्वचितच येतो.

कमाल आकडा मोठा आला, तर कर्नलला दोष देण्याआधी प्रोसेसरचा गव्हर्नर, म्हणजे त्याचा वेग ठरवणारी सेटिंग, ‘परफॉर्मन्स’वर आहे का ते पाहावे. मग वीजपुरवठा तपासावा. व्होल्टेज कमी पडले किंवा चिप तापली, तर बोर्ड स्वतःहून वेग उतरवतो. तरीही भागले नाही, तर ‘आयसोलसीपीयू’ या बूट पर्यायाने एक कोअर आपल्या कामासाठी राखून ठेवावा.

शेवटी तुमचा स्वतःचा प्रोग्रॅम. तो साध्या प्राधान्याने चालला, तर रिअल-टाइम कर्नलचा त्याला जवळजवळ काहीच उपयोग होत नाही. त्याला शेड-फिफो हे रिअल-टाइम धोरण आणि 1 ते 99 मधले प्राधान्य द्यावे. इंटरप्टचे थ्रेड सहसा 50 वर असतात, हे लक्षात ठेवून आकडा निवडावा. सुरुवातीलाच एमलॉकऑल या फंक्शनने मेमरी जागेवर बांधावी, आणि वेळेवर पुन्हा पुन्हा चालणाऱ्या फेरीत मेमरी मागणे, फाइल लिहिणे किंवा पडद्यावर छापणे टाळावे. प्रोग्रॅमला पुढच्या फेरीपर्यंत झोपवताना ‘आतापासून एक मिलिसेकंद’ असे न सांगता पुढचा नेमका क्षण सांगावा, नाहीतर प्रत्येक फेरीतला उशीर साचत जातो. फेरीत झोपण्याची आज्ञा घालायला विसरलात, तर तो थ्रेड आपला कोअर जवळजवळ पूर्ण व्यापतो. मूळ मांडणीत कर्नल दर सेकंदातले 50 मिलिसेकंद इतर कामांसाठी राखतो, आणि तेवढ्या वेळात तुम्हाला तो प्रोग्रॅम बंद करता येतो. ही राखीव वेळ काढून टाकू नये.