एक्का-पंजी आली तर? टूर्नामेंटमध्ये हलका सूटेड एक्का कधी खेळावा

गणपतीच्या जागरणाला नाहीतर दिवाळीला गल्लीत तीन पत्ती खेळत मोठा झालेला बेळगाव-खानापूर-निपाणीकडचा माणूस पोकरला बसला की एक्का काही त्याच्या हातून सुटत नाही. त्यातून दोन्ही पानं इस्पिकची निघाली तर विचारूच नका. घरच्या डावात तो टाकायला गेलाच, तर मागं बसलेला मित्र ओरडतो, "एक्का हाय की रे, टाकूलास कशाला?"

या लेखात एक्का आणि त्याच जातीची दुर्री ते नव्वी यांपैकी एखादं पान, म्हणजे हलका सूटेड (एकाच जातीचा) एक्का, एवढ्याच हातांबद्दल बोलायचं आहे. हात दिसतो देखणा, पण टूर्नामेंटमधून माणसं बाहेर पडतात ती बऱ्याचदा याच्याच नादानं.

आधी तीन पत्तीची सवय बाजूला ठेवा. तिथं सीक्वेन्स (ओळीनं लागलेली पानं) कलरच्या (एकाच जातीच्या पानांच्या) वर असतो, पोकरमध्ये कलर म्हणजे फ्लश सीक्वेन्सला मारतो. तीन पत्तीत एक्का-दुर्री-तिर्री मोठी मानतात, पोकरमध्ये एक्का ते पंजी हा सगळ्यात लहान सीक्वेन्स. नव्या माणसाचा या दोन गोष्टींत हमखास घोटाळा होतो.

दुसरं, खेळणार कुठं? ऑगस्ट 2025 मध्ये केंद्राचा ऑनलाइन गेमिंग कायदा आला आणि पैसे लावून चालणारे ऑनलाइन खेळ बंद झाले, त्यात पोकरही आला. आता आपल्या भागातला हौशी खेळाडू जांबोटी-कणकुंबीवरून चोर्ला घाट उतरतो आणि पणजीला मांडवीतल्या कॅसिनोत जातो, किंवा घरी नुसत्या चिप्सवर सराव करतो. शिकायला दुसरा मार्ग उत्तम, आणि स्वस्तही.

हाताची खरी किंमत

एकाच जातीची दोन पानं हातात असली तरी फ्लॉपवरच (टेबलावर सगळ्यांसाठी उघडणाऱ्या पाच पानांपैकी पहिल्या तीनांवरच) फ्लश लागण्याची शक्यता 1 टक्क्याहूनही कमी, साधारण 119 वेळांत एकदा. चार पानं जुळून एकाची वाट बघायची वेळ (फ्लश ड्रॉ) सुमारे 11 टक्के, म्हणजे नऊ फ्लॉपमागे एकदा. फ्लॉपवर एक्का पडण्याची शक्यता 17 टक्के. पण तो पडला की आपल्या बारक्या किकरचा (जोडीबाहेरच्या दुसऱ्या पानाचा) प्रश्न उभा राहतो. समोर एक्का-राजा असेल, तर एक्का-पंजी सूटेड असूनसुद्धा जिंकायचा शंभरात सुमारे तीसच वाटा आपला. एक जात असल्याचा फायदा दोन-तीन टक्क्यांचा. तो घ्यावा, त्याच्या जिवावर उड्या मारू नयेत.

पहिली पायरी: आधी पैसे कोण टाकतंय ते बघा

माझ्या मते या हाताचं निम्मं उत्तर इथंच मिळतं. आपण सगळ्यात आधी रेझ (रक्कम वाढवणं) किंवा ऑल-इन (सगळ्या चिप्स एकदम लावणं) केलं तर जिंकायच्या दोन वाटा: समोरचे पानं टाकतात, किंवा पानं उघडून आपला हात मोठा निघतो. कॉल केला, म्हणजे दुसऱ्यानं लावलं तेवढंच आपण लावलं, की पहिली वाट बंद. हलका एक्का त्या पहिल्या वाटेवर जगतो. त्याच्यामुळं समोरच्याला कॉल करण्याजोगे हातही कमी येतात. एक एक्का आपल्याकडे असला की एक्क्यांच्या जोडीचे सहा प्रकार तीनवर येतात आणि एक्का-राजाचे सोळाचे बारा होतात.

दुसरी पायरी: चिप्स मोजा, पण बिग ब्लाइंडमध्ये

समजा ब्लाइंड (पानं वाटायच्या आत दोघांनी लावायच्या सक्तीच्या रकमा, स्मॉल आणि बिग) 500-1,000, बिग ब्लाइंडवाल्याचा अँटी (वरची सक्तीची रक्कम) 1,000 आणि तुमच्याकडे 10,000, म्हणजे 10 बिग ब्लाइंड. पानं वाटायच्या आतच मधे 2,500 पडलेले आहेत. तुम्ही बटनवर (वाटणाऱ्याच्या जागेवर, ब्लाइंडवाल्या दोघांच्या लगेच आधी) आहात, आधीच्या सगळ्यांनी पानं टाकली आणि हातात किलवरचा एक्का-तिर्री आहे.

ऑल-इन केलं आणि दोघांनीही टाकलं तर 2,500 आपले. बिग ब्लाइंडनं कॉल केला आणि आपला वाटा 35 टक्के धरला, तर 21,500 च्या पॉटमधले (मधे जमलेल्या रकमेतले) सरासरी साडेसात हजार आपल्याकडे येतात, म्हणजे घालवलेल्या 10,000 वर तोटा साधारण 2,500 चाच. थोडक्यात, निम्म्या वेळा दोघांनी पानं टाकली तरी बरोबरी होते, आणि टेबलावरची माणसं 10 ब्लाइंडच्या ऑल-इनसमोर निम्म्याहून पुष्कळ जास्त वेळा टाकतात. म्हणून बटन आणि स्मॉल ब्लाइंडवरून, या एवढ्या स्टॅकवर (जवळच्या चिप्सवर), कुठलाही सूटेड एक्का ऑल-इन. यात घासाघीस नको.

15 ते 25 ब्लाइंड असतील आणि बटन किंवा कटऑफवरून (बटनच्या आधीच्या जागेवरून) एखादा सवयीनं रेझ करत असेल, तर त्याच्यावर ऑल-इन टाकायला हेच हात बरे. मात्र पहिल्या जागेवरून कुणी रेझ केला असेल तर नाही. तिथून रेझ करणाऱ्याकडे सहसा खरा माल असतो.

तिसरी पायरी: जागा

अंडर द गन, म्हणजे सगळ्यात आधी बोलायची जागा. मागं सात-आठ माणसं बसलेली. 30-40 ब्लाइंड असताना मी इथून एक्का-नव्वी, एक्का-अठ्ठी आणि एक्का-पंजी खेळतो, बाकीचे टाकतो. सत्ती-छक्की सोडून पंजी का, असं पोरं विचारतात. पंजीला दुर्री-तिर्री-चौकी मिळाली तर सीक्वेन्स होतो. एक्का आणि छक्की एकाच सीक्वेन्समध्ये कधीच बसत नाहीत आणि छक्कीचा किकर पंजीपेक्षा नावालाच मोठा. कटऑफ आणि बटनवर सगळ्यांनी टाकलेलं असेल तर आठही हात रेझ करा.

दुसऱ्याच्या रेझवर मधल्या जागेवरून नुसता कॉल करणं हा सगळ्यात महागडा प्रकार. नऊ फ्लॉपमागे एकदा ड्रॉ मिळणार, तोही पुढं तीनात एकदाच लागणार. 25 ब्लाइंडच्या स्टॅकमध्ये ही वाट बघणं परवडत नाही. 80-100 ब्लाइंड असतील, टूर्नामेंटची पहिली लेव्हल असेल, तर फ्लश लागल्यावर समोरच्याचे सगळे पैसे ओढता येतात. तेव्हा बटनवरून कॉल ठीक.

40 ब्लाइंडच्या आसपास एक्का-पंजी, एक्का-चौकीनं उशिराच्या जागेवरचा रेझ पुन्हा वाढवून समोरच्याला पळवून लावता येतं. त्यानं उलट ऑल-इन केलं तर पानं टाकून मोकळं व्हायचं. समोरचा कधीच पानं टाकत नसेल तर ही हुशारी त्याच्यावर चालवू नका. गोव्याच्या टेबलावर सुट्टी साजरी करायला आलेला गडी एकदा बसला की राणी-नव्वीवरसुद्धा कॉल करतो.

बिग ब्लाइंडवर मात्र सोडू नका

कुणी दुप्पट रेझ केला आणि बाकी सगळे गेले, तर मधे साडेचार ब्लाइंड आणि तुम्हाला फक्त एक घालायचा आहे. त्यासाठी जिंकायचा वाटा 18 टक्के पुरतो. प्रत्येक सूटेड एक्क्याकडे तो असतो. कॉल करा.

बक्षिसाच्या उंबरठ्यावर

दोन-तीन जण बाहेर गेले की पैसे मिळणार, अशा वेळी जिंकलेल्या चिप्सपेक्षा गमावलेल्या चिप्सची किंमत जास्त असते. इथं मोठ्या स्टॅकवाल्यानं ऑल-इन केलं तर एक्का-सत्ती निमूट टाका. तुमचा स्टॅक त्याहून मोठा असेल आणि समोरचे घाबरून बसले असतील, तर त्याच एक्का-सत्तीनं तुम्ही ऑल-इन करा.

फ्लॉप पडल्यावर

हातात इस्पिकची एक्का-पंजी आणि फ्लॉप बदामचा एक्का, किलवरची राणी, चौकटची अठ्ठी. पॉट लहान ठेवा. एक बेट कॉल करावी, टर्नवर (चौथ्या पानावर) पुन्हा मोठी बेट आली तर टाकावं. इथं आपण मारतो ते ब्लफला आणि राणीच्या जोडीला, एक्का धरून बसलेल्यांपैकी जवळजवळ कुणालाच नाही.

आता फ्लॉप इस्पिकचा राजा, इस्पिकची नव्वी, चौकटची चौकी असा धरा. पॉट 6 ब्लाइंडचा, समोरचा 12 चा ऑल-इन करतो. कॉलला 40 टक्के हवेत. फ्लशची नऊ पानं पुढच्या दोन्ही पत्त्यांत मिळून 35 टक्के देतात. त्याच्याकडे राजाची जोडी असेल तर उरलेले तीन एक्केही आपले आणि आकडा 45 वर जातो. एक्का-राजा असेल तर ते एक्के फुकट. म्हणजे खरा आकडा याच्या मधे कुठंतरी. पहिल्या तासात मी कॉल करतो, बक्षीस तोंडावर आलं असेल तर टाकतो. आणि अशा फ्लॉपवर आधी ऑल-इन करायची संधी माझी असेल, तर दोन्ही वेळेला आधी मीच करतो.