गाऊन हसवायचंय? मग आधी पेटीला बसा, जोक नंतर

दरवर्षी गणपतीच्या महिनाभर आधी एखादा तरी पोरगा येतोच, दादा मला पण तुमच्यासारखं गाऊन हसवायचंय, काय करू सांगा की. मी विचारतो पट्टी कुठली बे तुझी, म्हणजे तुझा सा पेटीच्या कुठल्या सुरावर बसतो, तर गप्प. जोक मात्र चाळीस पाठ. प्रत्येकाला तेच तेच सांगून कंटाळलोय, म्हणून हे एकदाच लिहून टाकतो. मी काय मोठा स्टार नाय, पण पंधरा वर्षं सोलापुरात मंडळं, हळदी, गॅदरिंग करतोय, त्यातनं जे कळलं ते हे.

पहिलं काम म्हणजे पट्टी शोधा. पेटीवर काळी एक, काळी दोन, पांढरी चार असं एकेक धरून बघा, ज्या पट्टीत खालचा पंचम आणि वरचा सा दोन्ही न ओरडता लागतात ती तुमची. मग सहा महिने तरी रोज सकाळी सा धरून बसायचं आणि दादरा, केरवा हे ताल हाताने टाळी देऊन म्हणायचे, सहा मात्रा आणि आठ मात्रा, एवढं आलं तरी आपलं काम भागतं. बेसूर गाऊन लोक हसतात, हो हसतात, पण एकदाच, दुसऱ्या गाण्याला चहा प्यायला उठतात. पुलं घ्या ना, माणूस पेटी किती सुरेख वाजवायचा, 1953 च्या गुळाचा गणपतीमध्ये तर लिहिणं, दिग्दर्शन, संगीत, काम सगळं एकट्याचं. असा माणूस सूर थोडा वाकडा करतो तेव्हा समोरच्याला कळतं की मुद्दाम केलाय, आणि हसू तिथं येतं. ज्याला सरळ येत नाय त्याचं वाकडं कुणाला कळणार?

दुसरे दादा कोंडके. नायगावच्या चाळीतला माणूस, सेवादलाच्या कलापथकात तयार झालेला, मग वसंत सबनिसांचं विच्छा माझी पुरी करा हे वगनाट्य. तिथनं भालजी पेंढारकरांनी 1969 ला तांबडी माती मध्ये घेतलं, 1971 ला सोंगाड्या आला, पुढचं सगळ्यांना माहीतय. पण पोरं त्यांची चड्डीची नाडी तेवढी कॉपी करतात. सिनेमात त्यांची कितीतरी गाणी महेंद्र कपूरच्या आवाजात आहेत, तरी ती दादांचीच वाटतात, कारण लय त्यांच्या मानेत आणि डोळ्यात असायची. आवाज दुसऱ्याचा आणि लय आपली, हे जमवून बघा आरशासमोर, लई अवघड आहे.

आता गाणं कसं बांधायचं. नवीन चाल करायच्या भानगडीत लगेच पडू नका, जी चाल आजीपासून नातवापर्यंत सगळ्यांना पाठ आहे ती घ्या, पाळणा, आरती, भारूड. एकनाथांची भारुडं आज पण माणसं हसतहसत ऐकतात, मग आपण कशाला लाजायचं. माझा सगळ्यात जास्त चाललेला आयटम नळाच्या पाण्याचा पाळणा. पाळण्यात पहिल्या दिवशी, दुसऱ्या दिवशी असं चढत जातं आणि आपल्याकडं पाणी चार-पाच दिवसाआड, म्हणजे साचा आयताच मिळाला!

पहिल्या दिवशी भरलं पिंप,
दुसऱ्या दिवशी उरलं निम्मं,
तिसऱ्या दिवशी आंघोळ थेंब-थेंब,
चौथ्या दिवशी... आले पाव्हणे,
जो बाळा जो जो रे जो!

बघा, पाव्हणे शब्द ओळीच्या शेवटी आहे. आधी मी पाव्हणे आले चौथ्या दिवशी असं म्हणायचो, एक माणूस हसत नव्हता. शब्द तेच, नुसती जागा बदलली. आणि ती ओळ म्हणताना तोंडावर हसू आणायचं नाय, खरंच बाळाला झोपवतोय असं गायचं. तुम्ही हसलात की पब्लिकला हसायचं कारण उरत नाय.

त्यात ढोलकीवाल्याला आधी समजावून ठेवा. एका हळदीला आमच्या पाहुण्या ढोलकीवाल्याला जोर चढला आणि त्यानं बरोब्बर पाव्हणे वरच तिहाई मारली, म्हणजे एकच तुकडा तीनदा वाजवला, शब्द गेला उडत, मागं बसलेली म्हातारी विचारती, कोण आलं म्हणं? तेव्हापासून माझा नियम, शेवटच्या शब्दाला ढोलकी थांबायची, तो पडला आणि हशा झाला की मगच जो बाळा वर उचलायची. साउंडवाल्याला पण सांगायचं, पेटीपेक्षा शब्दाचा माइक वर ठेव.

भाषेचं सोलापूरकरांना फुकटात मिळालेलं आहे, मराठी, तेलुगू, कानडी, दखनी एकाच रिक्षात ऐकू येतात. पण गावाच्या पूर्व भागात, तेलुगू वस्तीत जाऊन तेलुगू लोकांच्या मराठीची नक्कल करायची म्हणजे आपलीच अब्रू घालवायची. उलट करा, तुमचं तेलुगू कच्चं आहे त्यावर गा. पाण्याला लेदु म्हणतात एवढंच शिकलो (लेदु म्हणजे नाही), असं म्हटलं की समोरचे स्वतःहून पुढचे शब्द शिकवायला लागतात, अर्धा कार्यक्रम तेच करून टाकतात. लावणीवाले शाहीर रामजोशी याच गावचे, शास्त्री-पुराणिकांच्या घरातले, संस्कृत येत असून तमाशाच्या फडात रमले. आपल्याला निदान कानडीतलं बेकु-बेडा, म्हणजे पाहिजे-नको, तरी यायला काय हरकत आहे.

सिनेमाच्या गाण्यावर विडंबन मंडळात चालून जातं, पण तयार ट्रॅकवर गाऊन यूट्यूबला टाकलं की कॉपीराइट क्लेम येतो, म्हणून पण पाळणाच बरा. पैशाचं थोडक्यात, बयाणा घेतल्याशिवाय तारीख धरायची नाय, मित्राचं मंडळ असेल तर डबल बयाणा. आणि वेळ लवकरची मागा, रात्री दहाला स्पीकर बंद होतो, साडेनऊला स्टेज दिलं तर तुमच्या वाट्याला आभार प्रदर्शन येतं.

पुढं जायचं असेल तर कॉलेजात असतानाच विद्यापीठाच्या युवा महोत्सवात मिमिक्री, स्किट करा. मग राज्य नाट्य स्पर्धेत कुणाच्या तरी नाटकात छोटं काम धरा, डायलॉग नसला तरी चालेल, सोलापूरच्या हुतात्मा स्मृती मंदिर नाट्यगृहात विंगेत उभं राहून पण लई शिकायला मिळतं, गाणारा माणूस नट कसा होतो ते तिथं कळतं. ऑडिशनला पुण्याला जाताना सकाळची हुतात्मा एक्सप्रेस पकडा, संध्याकाळी परत येता येतं. पेटी घेऊन जाऊ नका, गर्दीत भाता फाटतो, मोबाइलवर तानपुऱ्याचं ॲप असतं ते बास. आणि दोन मिनिटंच देतात तिथं, तेव्हा पाळणा जलद लयीत बसवून ठेवा. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा मस्त संथ गात बसलो, तिसऱ्याच दिवशी थँक्यू म्हणाले, पाव्हणे आलेच नाहीत.