बर्फ हटवणारी गाडी तापते? काटा कधी चढतो ते आधी बघा

बाहेर उणे दहा आणि इंजिनाचा काटा लाल पट्ट्याला टेकलेला. पहिल्या हिवाळ्यात हे झालं तेव्हा मी घाईघाईने थर्मोस्टॅट बदलला, मग रेडिएटरचं झाकण. फरक शून्य. काटा नेमका कधी चढतो, इकडे माझं लक्षच नव्हतं.

बर्फ ढकलताना तो जागेवर असायचा. एक आवार साफ करून, पुढचं बर्फ ढकलायचं ब्लेड उचलून पुढच्या कामाला निघालो आणि वेग धरला की चढायला लागायचा. उचललेलं ब्लेड बरोबर रेडिएटरच्या (इंजिनाचं गरम पाणी वाऱ्याने थंड करणाऱ्या भागाच्या) तोंडासमोर येतं. वारा त्यावर आपटून वरून आणि बाजूने निघून जातो. उपाय फुकटचा आहे: थांबा, ब्लेड पूर्ण तिरकं करा आणि रस्त्याला घासणार नाही इतपत खाली घ्या. हेडलाइटही मोकळे राहतात. मी उचलायच्या साखळीच्या एका कडीला लाल रंग लावून ठेवलाय. ती कडी वरच्या आकड्याशी आली की बटणावरचा हात काढतो. वेग ताशी 70 किलोमीटरच्या आतच ठेवा.

गाडीच्या पुढच्या जाळीत बर्फ थापला गेलाय का, तेही बघा. थंडीसाठी पुढे बांधलेलं कापड कामाला लागण्याआधी सोडा. (एकदा मी ते तसंच ठेवून निम्मी रात्र काढली आहे.) रेडिएटरच्या पातळ पत्र्यांमध्ये मीठ-चिखल साचला असेल तर इंजिनाच्या बाजूने बाहेर, हलक्या धारेने धुवा. जोराच्या फवाऱ्याने पत्र्या वाकतात.

उलट, रस्त्यावर ठीक आणि ढकलताना तापत असेल, तर संशय फॅन क्लचवर, म्हणजे रेडिएटरमागचा पंखा इंजिनाला जोडणाऱ्या भागावर. गाडी गरम असताना इंजिन बंद करा, चावी काढा, पंखा हाताने फिरवा. अडखळत थांबला तर ठीक. मोकळाच गरागरा फिरत राहिला तर क्लच गेला. मधल्या भागातून तेलाचे ओघळ दिसले तरी तेच. विजेवरच्या पंख्याला मात्र हात लावू नका, तो आपोआप सुरू होऊ शकतो. जड बर्फात लो रेंज (फोर-व्हील ड्राइव्हचा कमी वेगाचा, जास्त ताकदीचा गिअर) वापरा. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल बहुतेक गाड्यांत रेडिएटरमधूनच थंड होतं, त्यामुळे गिअरबॉक्स तापला की त्याचा भार तिथेच येतो.

दोन्ही वेळा तापते? मग कूलंट, म्हणजे रेडिएटरमधून फिरणारं इंजिन थंड ठेवणारं द्रव. झाकण इंजिन पूर्ण गार झाल्यावरच उघडा. थंडी जास्त म्हणून नुसतं कूलंट ओतणारे भेटतात. निम्मं पाणी असलेलं मिश्रण साधारण उणे 37 अंशांपर्यंत गोठत नाही, निव्वळ ग्लायकॉल (पाणी न मिसळलेलं कूलंट) मात्र उणे 13 च्या आसपासच गोठतं, आणि उष्णताही कमी वाहून नेतं. काटा वर आणि हीटरमधून गार हवा, म्हणजे बहुधा पातळी खाली गेलीय. होज, वॉटर पंप, थर्मोस्टॅट त्यानंतर.

कामाच्या मध्येच काटा चढला तर ढकलणं थांबवा, हीटर आणि त्याचा पंखा पूर्ण चालू करा, गाडी न्यूट्रलला ठेवा. दोन-तीन मिनिटांत उतरला नाही तर इंजिन बंद. गाडी पाणी पीत असेल, गळती कुठेच दिसत नसेल आणि सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर येत असेल, तर हेड गॅस्केट (इंजिनाच्या दोन भागांमधलं सील) गेलंय असं समजून गाडी ओढूनच न्या.