दहावीच्या आत ब्लॅक बेल्ट? कराटे क्लास निवडताना या चुका टाळा

जून लागला की लातूर, नांदेड, परभणी, संभाजीनगर, कुठंही जा, चौकात फ्लेक्स दिसतो. पांढऱ्या ड्रेसमधली लेकरं, मधोमध हाताची घडी घातलेले सर, वरच्या कोपऱ्यात स्थानिक नेत्याचा फोटो आणि खाली ठळक अक्षरांत ‘आंतरराष्ट्रीय ब्लॅक बेल्ट’. पालक फी विचारतात, क्लास घरापासून किती लांब आहे ते बघतात आणि नाव घालून मोकळे होतात. दोन वर्षांनी लेकराच्या कमरेला काळ्याच्या आधीचा तपकिरी पट्टा येतो, पण समोरून आलेला साधा ठोसा त्याला अडवता येत नाही. सगळेच क्लास असे नसतात. चांगले सर मराठवाड्यात प्रत्येक जिल्ह्यात आहेत. अडचण एवढीच की फ्लेक्स दोघांचेही सारखेच दिसतात.

नापास किती झाले, हे न विचारणं

सगळ्यात मोठी चूक हीच. क्लास बघायला गेलात की सरांना सरळ विचारा, “मागच्या बेल्ट परीक्षेला किती लेकरं बसली आणि त्यातली किती थांबवली?” “आपल्याकडं कुणी नापास होत नाही” असं अभिमानानं सांगितलं, तर तिथं परीक्षा होत नाही, पट्टेवाटप होतं.

शक्य असेल तर एखादी परीक्षा स्वतः बघा. रविवारची सकाळ, भाड्याचं मंगल कार्यालय, साठ लेकरं आणि दोन तास. हिशोब करा, एका लेकराच्या वाट्याला दोन मिनिटं येतात. तेवढ्यात किहोन म्हणजे मूलभूत फटके आणि अडवणी, मग काता म्हणजे ठरलेल्या क्रमानं करायच्या हालचाली, मग कुमिते म्हणजे समोरासमोरची लढत बघून कोण तयार आहे हे कुणालाच ठरवता येणार नाही. म्हणून सगळ्यांना रांगेत उभं करून एकदम ठोसे मारायला लावतात, मग पाहुण्यांचं भाषण, मग पट्टे आणि फोटो. खरी परीक्षा बघायला कंटाळवाणी असते. तीन-चार लेकरं पुढं बोलावली जातात, परीक्षक कार्डावर काहीतरी लिहितो, मध्येच एखाद्याला “परत कर” म्हणतो. परीक्षक बाहेरचा असेल तर चांगलंच. फी घेणारा, शिकवणारा आणि पास करणारा एकच माणूस असेल, तर निदान लेकरं थांबवण्याची हिंमत त्याच्यात आहे का, एवढं तरी बघा.

स्वतःला काही कळत नाही असं समजून गप्प बसणं

पालक म्हणतात, “आम्हाला कुठं कराटेतलं कळतंय?” पण थोडं कळायला ब्लॅक बेल्ट लागत नाही. कराटेच्या शोतोकान पद्धतीत साधारणपणे सुरुवातीला शिकवला जाणारा काता म्हणजे हेयान शोदान. त्यात २१ हालचाली असतात आणि पावलांची वाट इंग्रजी ‘आय’ अक्षरासारखी, दोन्ही टोकांना आडवी रेघ असलेली. काता जिथं सुरू झाला, जवळपास तिथंच संपायला हवा. गच्चीवर खडूनं एक खूण करा आणि लेकराला त्या खुणेवरून काता करायला सांगा. शेवटी ते खुणेपासून चार-पाच फूट लांब उभं असेल, तर त्याची पावलं सारखी पडत नाहीत. रंगीत पट्टा मिळून वर्ष झालं तरी हीच गत असेल, तर शिकवताना कुणी पावलांकडं बघितलेलंच नाही.

आणखी दोन गोष्टी बघा. पुढं ठोसा जाताना मागच्या पायाची टाच उचलते का? आणि एक हात पुढं गेला की दुसरी मूठ कमरेशी घट्ट येते का, की हवेत लोंबकळते? मग तुमचा हात हळूच पुढं करा आणि विचारा, “ही अडवणी कशासाठी असते, दाखव.” ज्याला कारण सांगून शिकवलंय ते लेकरू लगेच हात धरून दाखवतं. नुसती पाठांतरं झालेलं लेकरू तुमच्या तोंडाकडं बघत बसतं. गोजू-र्यू, शितो-र्यू, वादो-र्यू या कराटेच्या दुसऱ्या पद्धतींत काते किंवा ते करायची रीत वेगळी असते, त्यामुळं खडूची खूण सगळीकडं चालणार नाही. “कशासाठी” हा प्रश्न मात्र कुठंही चालतो.

‘आंतरराष्ट्रीय’ शब्दाला भुलणं

पट्ट्यांची ही रीत मुळात ज्युदोची. कानो जिगोरो यांनी १८८२ मध्ये कोदोकान ही ज्युदोची शाळा सुरू केली आणि शिष्यांची पायरी कळावी म्हणून ‘दान’ म्हणजे वरच्या दर्जाच्या पायऱ्या देण्याची पद्धत आणली. शोतोकान कराटेचे गुरू फुनाकोशी गिचिन यांनी कराटेतले पहिले दान दिले ते १९२४ मध्ये. तेव्हापासून आजपर्यंत कराटेत पट्टा देण्याचा हक्क एका कुठल्या जागतिक संस्थेकडं गेलेला नाही. प्रत्येक पद्धत, प्रत्येक संघटना आपापले पट्टे देते. वर्ल्ड कराटे फेडरेशन स्पर्धांचे नियम बघते, तुमच्या लेकराचा हिरवा की निळा हे ती ठरवत नाही. म्हणून प्रमाणपत्रावर पृथ्वीचा गोल आणि जपानी अक्षरं असली म्हणून काही सिद्ध होत नाही. सरांना ब्लॅक बेल्ट कुणी दिला, कोणत्या साली दिला आणि ते अजून कुणाकडं शिकायला जातात का, हे विचारा. चांगला माणूस या प्रश्नानं खूष होतो आणि आपल्या गुरूंच्या गोष्टी सांगत बसतो.

ऑलिंपिकमध्ये खेळल्या जाणाऱ्या तायक्वांदोचं तसं नाही. तिथं दान प्रमाणपत्र सेऊलच्या कुक्कीवॉन या संस्थेकडून येतं आणि त्यावरचा क्रमांक त्यांच्या वेबसाइटवर तपासता येतो. शिवाय १५ वर्षांखालच्या मुलांना दान नाही, पूम म्हणजे मुलांसाठीचा वेगळा दर्जा मिळतो. तेव्हा नऊ वर्षांच्या मुलाला “कुक्कीवॉनचा फर्स्ट दान” मिळवून देतो असं कुणी म्हणालं, तर पुढचं ऐकायची गरज नाही.

दहावीचं गणित

लातूर पॅटर्नच्या मुलखात हे होणारच होतं. नववी संपली की लेकरू ट्यूशनला जातं, मैदान सुटतं. हे पालकांना माहीत असतं आणि सरांनाही. मग पॅकेज निघतं, ‘दहावीच्या आत ब्लॅक बेल्ट’. आठवड्यातून तीन दिवस नियमित सराव केला, तरी ब्लॅक बेल्टला साधारण चार-पाच वर्षं लागतात. दोन वर्षांत मिळत असेल तर मधले पट्टे उड्या मारून दिलेत किंवा सराव कागदावर झालाय. काही संघटना लहान मुलांना ज्युनिअर ब्लॅक बेल्ट वेगळा देतात, त्यात वावगं काही नाही, फक्त तो मोठ्यांचा नाही हे आधी सांगायला हवं. माझं मत स्पष्ट आहे: नववीत निळ्या पट्ट्यावर थांबलेलं आणि नीट शिकलेलं लेकरू, घाईनं काळा बांधलेल्या लेकरापेक्षा बारावीनंतर मैदानात परत येण्याची शक्यता कितीतरी जास्त असते.

गुणांचं आमिषही याच वयात दाखवतात. दहावी-बारावीला खेळाचे वाढीव गुण मिळतात ते शासनाच्या आणि मान्यताप्राप्त स्पर्धांमधल्या कामगिरीवर. बेल्टच्या प्रमाणपत्रावर नाहीत. ‘ओपन नॅशनल’ म्हणून गोव्याला नेऊन आणलेल्या ट्रॉफीचंही आधी विचारून घ्या. जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात जाऊन “ही स्पर्धा चालते का?” एवढं विचारलं की पुरतं, आणि ते पैसे भरायच्या आधी.

कौलं, बर्फ आणि पोटावरून मोटारसायकल

गणपतीत किंवा स्नेहसंमेलनात हे खेळ होतात आणि टाळ्याही पडतात. कौलं वाळवून घेतलेली असतात, दोन कौलांच्या मध्ये फट ठेवलेली असते, त्यामुळं एक फुटलं की त्याच्या धक्क्यानं खालचं फुटत जातं. फट न ठेवता रचा, मग बघा. मोठ्या माणसानं स्वतःच्या हिमतीवर करावं, माझी हरकत नाही. पण लेकराच्या पोटावरून गाडी घालणाऱ्या क्लासात एक दिवसही ठेवू नका.

सुरक्षेचं बाकी थोडक्यात. कुमितेला ग्लोव्ह्ज आणि दाताचं गार्ड हवं. चेहऱ्यावर जोरात बसलेल्या फटक्याला स्पर्धेत गुण मिळत नाही, दंड होतो, म्हणून “रक्त आल्याशिवाय शिकत नाही” म्हणणाऱ्या सरांना नियमच माहीत नाहीत. आणि एप्रिल-मेच्या शिबिरात, पारा ४२ च्या वर असताना, ‘शिस्त’ म्हणून पाणी पिऊ न देणं हा निव्वळ अडाणीपणा आहे.

आपल्याकडं तालमीत वस्ताद कुणाला पट्टा बांधत नाहीत. पाटोद्याचा राहुल आवारे २०१८ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्ण आणि २०१९ च्या जागतिक स्पर्धेत कांस्य घेऊन आला, तो मातीत आणि मॅटवर कुस्त्या जिंकून. नांदेडला शिखांच्या हल्ला महल्ल्यात गतका म्हणजे लाठी-तलवारीचा खेळ खेळणाऱ्यांच्या कमरेचा रंगही कुणी विचारत नाही. कराटेत पट्टा आहे तर असू द्या, पण लेकरू सरावात कुणासमोर उभं राहतं आणि कसं उभं राहतं, हे तालमीसारखंच बघा.

आधीच अडकला असाल तर

वर्षाची फी भरून बसला असाल, तर लगेच भांडण काढू नका. पुढच्या बेल्ट परीक्षेला सरांना शांतपणे सांगा, “सर, या वेळी राहू द्या, पोरगं अजून कच्चं आहे.” परीक्षेची फी बुडते म्हणून सर नाराज झाले की तुमचं उत्तर तुम्हाला मिळालं. “बरं झालं तुम्हीच म्हणालात” असं म्हणाले, तर तिथंच राहा. लेकराचे गुडघे किंवा मनगटं दुखत असतील तर आठवडाभर थांबवा, दुखणं गेलं नाही तर हाडांच्या डॉक्टरांना दाखवा, आणि परत पाठवाल तेव्हा सुरुवातीला अंग सैल करायला किती वेळ देतात ते स्वतः उभं राहून बघा. दहा मिनिटंही देत नसतील तर क्लास बदला.

बदली होऊन परभणीहून संभाजीनगरला गेलात आणि नव्या सरांनी जुना पट्टा मानला नाही, तर तो अपमान समजू नका. जुनं ग्रेडिंग कार्ड म्हणजे बेल्ट परीक्षांची नोंद असलेलं कार्ड आणि प्रमाणपत्रं सोबत न्या, एक महिना पांढऱ्या पट्ट्यावर सराव करू द्या आणि मग सरांना लेकराचा काता बघायला सांगा. पाया पक्का असेल तर बहुतेक सर पुढच्याच परीक्षेत त्याला त्याच्या जागी बसवतात. कार्ड हरवलं असेल तर जुन्या क्लासकडून परीक्षेची तारीख आणि परीक्षकाचं नाव तेवढं लिहून घ्या. नवे सर फोन करून खात्री करून घेतील.