हिब्रू प्रेमगीतं एकट्या गळ्यासाठी बांधून छापायची असतील तर

नागपुरात धंतोलीतल्या माझ्या गाण्याच्या वर्गात गेल्या वर्षी चार हिब्रू प्रेमगीतांची एक छोटी पुस्तिका तयार झाली. एक गळा, सोबत पियानो किंवा पेटी, सोळा पानं. तेव्हापासून तीन-चार जणांनी विचारलं, "ताई, हे कसं केलंत?" म्हणून सगळं एकदाच लिहून टाकते. हे काम करताना एक माणूस सतत डोळ्यांसमोर ठेवा. त्या माणसाला तुम्ही कधी भेटणार नाही, पण तो तुमचं पान उघडून एकटाच गाणार आहे. तुम्ही वर्गात "इथे थांब, हा शब्द असा म्हण" असं सांगता, ते त्याला सांगायला तिथे कोणी नसेल. जे सांगायचं ते पानावरच हवं.

सुरुवात चालीच्या मालकीपासून करा. मी ती शेवटी केली आणि महिनाभराची मेहनत पाण्यात गेली. 'एरेव शेल शोशानीम' हे गाणं मी लहानपणापासून ऐकत आले होते. इतकं जुनं वाटायचं, की ते लोकगीतच आहे असं मी धरून चालले. बांधणी झाली, मुलींनी कार्यक्रमात गायलंही, आणि छपाईच्या आदल्या आठवड्यात कळलं की हे १९५७ चं गाणं आहे. चाल योसेफ हदार यांची, शब्द मोशे दोर यांचे, आणि दोघंही वारले ते एकविसाव्या शतकात. भारतीय कॉपीराइट कायद्यात शब्द आणि संगीताचा हक्क निर्मात्याच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो. इस्रायलमध्ये ७० वर्षं. शिवाय आपल्या १९५७ च्या कायद्यात संगीतरचनेच्या 'रूपांतरा'मध्ये तिची नवी मांडणीसुद्धा येते. म्हणजे "मी फक्त सुरावट बदलली" हे कारण चालत नाही, मूळ मालकाची परवानगी लागतेच. मी पत्र पाठवलं, उत्तर आलं नाही, आणि मी ते गाणं काढून टाकलं. उत्तर न येणं म्हणजे होकार नव्हे.

अशा गाण्यांवर खरंच जीव असेल तर इस्रायलमधल्या गीतकार-संगीतकारांच्या 'आकुम' या संस्थेकडे विचारणा करावी. दुसरा मार्ग 'अरेंजमी'सारख्या सेवेचा. तिथे परवानगी ठरलेल्या गाण्यांची यादी असते. आपलं गाणं यादीत असेल तर त्याची मांडणी तिथे विक्रीला ठेवता येते, नसेल तर नाही.

मी मात्र 'शीर हा-शिरीम'कडे वळले. आपल्याकडच्या मराठी बायबलमध्ये ज्याला 'गीतरत्न' म्हणतात तेच हे. मूळ हिब्रू शब्दांवर कुणाचाच हक्क नाही. नव्या अनुवादांवर असतो, त्यामुळे मराठी अर्थ मी स्वतः लिहिला. चालींसाठी ज्यू संगीताचे अभ्यासक अव्राहम त्स्वी इडेलसोन यांचा दहा खंडांचा संग्रह पाहा. पहिला खंड १९१४ चा, येमेनी ज्यूंच्या गायकीचा. पुढच्या खंडांत इराक, इराण, मोरोक्को असं करत ते पूर्व युरोपापर्यंत जातात. इडेलसोन १९३८ मध्ये वारले, त्यामुळे भारतात आणि इस्रायलमध्येही मुदत संपली आहे. माझ्या दोन गीतांना त्या येमेनी खंडाचा आधार आहे, दोन चाली माझ्या. कुठली कुठून आली ते प्रत्येक गीताच्या माथ्यावर लिहिलंय. तुम्हीही लिहा. पुढच्या माणसाचा शोध वाचतो.

आता शब्द, आणि इथे मी जरा रेंगाळणार आहे. कारण मराठी माणसाच्या हातात हिब्रूसाठी जे आहे ते इंग्रजीवाल्याच्या हातात नाही.

रोमन अक्षरांत छापलेलं वाचून आमच्या मुली 'डोडी' म्हणत होत्या. फोनवर ठाण्याच्या एका बेने इस्राएल, म्हणजे आपल्या मराठी ज्यू समाजातल्या, मावशींनी ऐकलं आणि म्हणाल्या, "अगं बाळ, दोदी! दगडातला द. मराठीत सरळ लिहिता येतं ते तुम्ही इंग्रजीत कशाला लिहिता?" त्या दिवशी मी सगळे शब्द देवनागरीत आणले. 'दोदी' म्हणजे 'माझा प्रियकर', आणि 'दोद' म्हणजे काकासुद्धा. हे ऐकून वर्गात हशा पिकला, पण टीपेत ते दिलं पाहिजे, नाहीतर शब्दकोश उघडणारा गोंधळेल.

हिब्रूतलं 'त्सादे' हे अक्षर म्हणजे आपल्या 'चूल' आणि 'चाक'मधला च. 'चहा'तला नव्हे. दुसऱ्या अध्यायातली बारावी ओवी घ्या: हा-नी-च़ा-नीम नीर-ऊ वा-आ-रेच़, 'देशात कळ्या दिसू लागल्या'. मी त्या च खाली नुक्ता, म्हणजे टिंब, दिला आणि सुरुवातीच्या पानावर एका ओळीत 'चुलीतला च' असं सांगितलं. नागपूरच्या पोरींना दुसऱ्या मिनिटाला जमलं. 'ज़'सुद्धा तसाच, 'जाळं'मधला. 'खेत' या अक्षराला मात्र आपल्याकडे जागा नाही. तो आपला ख नव्हे, तो घशात घासत येतो, आणि येमेनी उच्चारात तर आणखी खोलातून. तिथे ख़ लिहा आणि 'हवा सोडू नका, घासा' असं शब्दांत सांगा.

याहून मोठी गोष्ट आघाताची. 'दोदी'त वजन शेवटच्या अक्षरावर आहे, 'आरेच़'मध्ये पहिल्या. 'अनी ले-दोदी वे-दोदी ली', म्हणजे 'मी माझ्या प्रियाची, प्रिय माझा', यातले 'ले' आणि 'वे' अगदी उडते आहेत. माझ्या पहिल्या खर्ड्यात 'ले' समेवर लांबवला होता. मावशी म्हणाल्या, "हे ऐकून वाटतं कुणीतरी दारात अडखळलं." चाल बदलली. तुमच्याही चालीत सम कुठे पडते ते शब्दावर बोट ठेवून तपासा, आणि आघाताचं अक्षर ठळक छापा.

नोटेशनसाठी म्यूझस्कोअर हे सॉफ्टवेअर फुकट आहे आणि पुरेसं आहे. हिब्रू उजवीकडून डावीकडे, स्वरलिपी डावीकडून उजवीकडे, म्हणून हिब्रू लिपी स्वरांखाली बसवायच्या भानगडीत पडू नका. स्वरांखाली देवनागरी, त्याखाली दुसऱ्या ओळीत रोमन, आणि हिब्रू मजकूर शेवटच्या पानावर सलग, अर्थासकट.

पट्टीचं काय? पाश्चात्त्य तालमीतली सोप्रानो, म्हणजे उंच आवाजाची गायिका, पांढरी दोनला (पेटीची दुसरी पांढरी पट्टी सा धरून) मजेत गाईल. आपल्या शास्त्रीय तालमीतल्या बाईला तिथे ओढाताण होते. ती काळी चार किंवा पाचची. मी दोन आवृत्त्या केल्या, पांढरी दोन आणि काळी पाच. पण नुसतं बटण दाबून पट्टी खाली आणू नका. पियानोचा डावा हात खाली गेला की स्वर एकमेकांत मिसळून चिखल होतो. तिथले स्वर मोकळे करा, एखादा वर उचला.

पेटीची साथ वेगळी लिहावी लागते, कारण डावा हात भात्यावर असतो. हे उघड आहे, तरी मी पियानोचं पान पेटीवाल्यापुढे ठेवलं तेव्हाच ध्यानात आलं. एका हाताच्या पल्ल्यात बसेल एवढंच लिहा: षड्ज-पंचमाचा धरलेला सूर, ओळ संपताना चालीचा शेवटचा तुकडा, बस. या गीतांना तेच शोभतं असं माझं मत झालंय. चार-चार स्वरांचे कॉर्ड प्रत्येक मात्रेवर टाकले की येमेनी चाल गुदमरते.

आणखी एक मोह टाळा. पूर्व युरोपच्या ज्यू प्रार्थनागायनात 'अहावा रब्बा' नावाची स्वरचौकट आहे. नावाचा अर्थच 'अपार प्रेम'. तिचे स्वर आपल्या बसंत मुखारीचे: कोमल रिषभ, शुद्ध गंधार, कोमल धैवत, कोमल निषाद. रिषभ-गंधारातली ती फट ऐकली की सगळ्यांना 'हे हिब्रू' असं वाटतं. माझ्या एका स्वतंत्र चालीत मी ती मनापासून वापरली. पण ती चौकट येमेनी चालीवर लादणं म्हणजे वऱ्हाडी ओवीला लावणीचा ठेका लावणं.

प्रस्तावना लहान ठेवा, पण गायकाला गाताना लागेल ते त्यात हवंच. 'हा-गेशेम ख़ालाफ़', पाऊस सरला, ही ओळ आनंदाची आहे. नागपुरात मे महिन्यात आभाळाकडे डोळे लावून बसणाऱ्या मुलीला ती दुःखाचीच वाटणार. एका विद्यार्थिनीने ती तशीच, कळवळून गायली होती. तिकडे पाऊस हिवाळ्यात पडतो आणि तो थांबला की वसंत येतो, एवढं एक वाक्य वाचल्यावर तिचा आवाजच बदलला.

छपाईबद्दल थोडक्यात. मध्ये पिना मारायच्या असतील तर पानं चारच्या पटीत हवीत. गुळगुळीत आर्ट पेपर घेऊ नका, मंचावरच्या दिव्यात स्वर दिसत नाहीत. मी १०० जीएसएमचा (हे कागदाच्या वजनाचं माप) मॅपलिथो, म्हणजे न चमकणारा साधा कागद, घेतला. वर्गातला कूलर सुरू असला की पातळ कागद स्टँडवरून उडतो. पान उलटायची जागा गायकाच्या विश्रांतीवर किंवा साथीच्या लांब सुरावर येऊ द्या. फाइल पीडीएफ करूनच द्या, फाँट आत बसवलेले. आमच्या पहिल्या प्रुफात प्रेसच्या जुन्या फाँटमध्ये मजकूर बदलून घेतला गेला आणि सगळे नुक्ते गळाले, च़ चा च झाला. प्रुफ घरी आणून मोठ्याने गाऊन वाचा. नुसत्या डोळ्यांना ते दिसत नाही.

कॉपीराइटची नोंदणी सक्तीची नाही, पण मी केली. ऑनलाइन नमुना चौदा, प्रत्येक रचनेला ५०० रुपये, आणि हरकतींसाठी ३० दिवसांची वाट. हक्क मिळतो तो फक्त तुमच्या मांडणीवर. जुनी चाल सगळ्यांचीच राहते, आणि पुस्तिकेत तसं स्पष्ट लिहावं. स्वरलिपीच्या प्रकाशनाला पुस्तकाचा आयएसबीएन नसतो. तिच्यासाठी आयएसएमएन हा वेगळा क्रमांक आहे, ९७९-० ने सुरू होणारा.

आणि एक काम बहुतेक जण विसरतात. १९५४ च्या ग्रंथ-प्रदान कायद्यात 'पुस्तक' या शब्दात वेगळं छापलेलं स्वरलिपीचं पानही येतं. प्रकाशनापासून ३० दिवसांत कोलकात्याचं राष्ट्रीय ग्रंथालय, चेन्नईचं कोनेमारा, मुंबईचं मध्यवर्ती ग्रंथालय आणि दिल्ली पब्लिक लायब्ररी यांना स्वखर्चाने एकेक प्रत पाठवायची. मी चारही पाकिटं एकाच दिवशी रजिस्टर पोस्टाने पाठवली. पाचवं पाकीट ठाण्याला, मावशींना.

परवा त्यांचा फोन आला. चौथ्या गीतात, सातव्या पानावर, एक आघात अजून चुकला आहे. दुसऱ्या आवृत्तीत तो दुरुस्त होईल. ज्यांच्याकडे पहिली आहे त्यांनी पेन्सिलीने 'राया-ती'मधला 'ती' ठळक करून घ्यावा.